उंबऱ्याअलीकडे पॅकिंग, पलीकडे डिस्पॅच

हल्ली कुठल्याही कचेरीत ऊठसूट कार्यशाळा भरते. माझा भाचा परवा अशाच एका कार्यशाळेहून आला आणि म्हणाला, "मावशी, बाहेरून बोलावलेला तो माणूस दिवसभर नुसता बोलत होता. जेवण मात्र झकास होतं." मी म्हटलं, "तो बोलत होता ना, म्हणजे दिवस फुकट गेला. कामाचा असता तर तुम्ही बोलला असतात." भाचा माझ्याकडे बघतच राहिला. या मावशीला यातलं काय कळतंय, असा चेहरा. कळतं बरं! असा एक कामाचा माणूस मी अगदी जवळून पाहिलाय, आणि पहिले दोन दिवस त्याच्यावर मनसोक्त चिडलेही आहे.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली. ठाण्यात, माजिवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भातशेतांच्या मधोमध एक औषधांचा कारखाना होता. तिथे खोकल्याचं औषध बाटल्यांत भरायचं, बाटल्यांना लेबलं लावायची आणि पेंढा घालून लाकडी पेट्यांत बसवायच्या. हे पॅकिंगचं काम बायकांचं. त्या बायकांवर सुपरवायझर म्हणून मी. मॅट्रिक झालेली, लग्न न झालेली, डोंबिवलीहून रोज येणारी आणि जिभेने तिखट. ही तिखट जीभ बघूनच मॅनेजरसाहेबांनी मला ठेवून घेतलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

बायका बहुतेक बाळकुमच्या आणि आसपासच्या वाड्यांमधल्या. सकाळी बांधावरून एकामागून एक चालत यायच्या, लुगड्याचे काठ ओले करून. त्यांच्यातली सगळ्यात थोरली होती तिला सगळ्या वयनी म्हणायच्या, म्हणून मीही वयनीच म्हणत असे. तिचा नवरा खाडीत बुडून गेला होता, मूलबाळ नव्हतं. दीर आणि सासू यांच्या घरात ती राहायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सहज विचारलं, "वयनी, एवढं चालून येतेस, दमत नाहीस?" तर म्हणाली, "बाई, शेतान मी दिराची. घरान मी सासूची. हितं आयले का मी माझी." एवढं बोलली आणि भाकरी मोडून पुढे जेवायला लागली.

बायका कामाला लागल्या त्याआधी गावची वडीलधारी माणसं कारखान्यात आली होती, वयनीचा दीर त्यांच्या पुढे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आमच्या सुनाबाळी येतील, पण एका खोलीत बाप्ये आणि बायका चालायचं नाही. मॅनेजरसाहेबांनी शब्द दिला. पॅकिंगची खोली आणि पेट्या बाहेर पाठवायची डिस्पॅचची खोली यांच्यामध्ये एक दार होतं, त्याला दगडी उंबरा. ठरलं असं की पलीकडच्या पुरुषांनी तो उंबरा ओलांडून इकडे यायचं नाही आणि इकडच्या बायकांनी तिकडे जायचं नाही. हा नियम पाळला जातोय की नाही हे बघणं माझं काम. आणि मी ते डोळ्यात तेल घालून करत असे. कोणी काही म्हणो, मला तो नियम तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. तो नसता तर त्या बायका दारातून आतच आल्या नसत्या.

आता कटकट काय झाली ते सांगते. आमच्या पेट्या परगावच्या दुकानदारांकडून परत यायला लागल्या. आत बाटल्या तडकलेल्या, औषध पेंढ्यात झिरपलेलं, आणि पेटीभर मुंग्या. गोड औषध ते! आसपासच्या मुंग्यांना तरी तेव्हा खोकला राहिला नसेल. डिस्पॅचचे मुकादम म्हणाले, पॅकिंगच्या बायका पेंढा कमी घालतात. मी म्हटलं, वा रे वा! डिस्पॅचचे लोक पेट्या फेकतात, आणि वर पेंढा काढताय आमचा? मुकादम रत्नागिरीकडचे, काळी टोपी, आवाज असा की शेतातले बगळे उडावेत. ते काय गप्प बसतात! बघता बघता दोन्ही खात्यांचं बोलणं बंद झालं. त्यांना निरोप द्यायचा तर आम्ही कँटीनवाल्याला सांगायचं, मग त्याने चहा देताना तिकडे सांगायचं. त्यात तो आपल्या पदरचे चार शब्द घालणार. एका निरोपाची भांडणं दोन व्हायची.

शेवटी मॅनेजरसाहेबांनी मला आणि मुकादमांना केबिनमध्ये उभं केलं. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते, म्हणूनच त्यांची भीती वाटायची. म्हणाले, "दिवाळीपर्यंत हे थांबलं नाही तर पॅकिंग मुंबईच्या कंत्राटदाराला देणार. त्याच्याकडे पुरुष कामगार आहेत. मग ही खोली मी बंद करतो."

बंद. म्हणजे सगळ्या बायका घरी, आणि मीही घरी. घरी कोणाला सांगितलं नाही. बायकांना सांगितलं, कारण त्यांच्यापासून लपवणं मला बरं वाटलं नाही. वयनी लेबल चिकटवत होती, ती चिकटवतच राहिली. पण त्या दिवशी तिची लेबलं वाकडी लागली, आणि मी तिला रागावले नाही.

त्यानंतर आठवड्याभरात साहेबांनी जाहीर केलं की मुंबईहून एक गृहस्थ येणार आहेत. गिरण्यांमधून मुकादमांचे वर्ग घेतात म्हणे. तीन दिवस, रोज दुपारी, दोन्ही खात्यांचा मिळून वर्ग, पण खोलीत नाही, उघड्यावर, म्हणजे गावाचा नियम मोडायला नको. तेव्हा कार्यशाळा हा शब्द आमच्या कानावरून गेला नव्हता. वर्ग म्हटलं की आम्हाला शाळा आठवली, आणि शाळा म्हटलं की छडी. बायकांमध्ये लगेच कुजबूज सुरू, छाटणीला माणूस आयलाय, कोणाला काढायचं ते बघून जाईल. मलाही तेच वाटत होतं. मग मी काय केलं? पोपटपंची करून घेतली सगळ्यांकडून. "पेंढा किती घालता?" "भरपूर, साहेब." "त्रास काय?" "काही नाही, साहेब." वयनीने विचारलं, "बाई, तो मानूस दुसरा कायतरी इचारला तं?" मी म्हटलं, "तरी हेच सांगायचं." पलीकडे मुकादमही आपल्या माणसांना घोकवत होते, ते दारातून ऐकू येत होतं. उत्तरं जवळजवळ आमचीच.

पहिल्या दिवशी ते गृहस्थ टांग्यातून उतरले. मध्यम वयाचे, बुटके, बुशशर्ट, हातात छत्री. डोक्यावर केस बेताचे. त्यांना काय म्हणायचं हाच प्रश्न होता. वर्ग घेणार म्हणून बायकांनी मास्तर ठरवून टाकलं, आणि तेच राहिलं.

आता आपल्याकडे पाहुणा आला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. सभा झाली! टेबलावर चादर, फुलदाणी, नारळ. मुकादमांनी उठून सूचना मांडली की आजच्या सभेचं अध्यक्षस्थान मॅनेजरसाहेबांनी स्वीकारावं. मी अनुमोदन दिलं. कित्येक महिन्यांत आमची दोघांची एकवाक्यता झाली ती तेवढीच. मग अकाउंटंटनी पाहुण्यांचा परिचय करून दिला. पाहुण्यांविषयी कोणालाच काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे परिचय फार लांबला. मग अध्यक्षीय भाषण, एका बाईकडून स्वागतगीत, मग मी आभार मानले आणि मग चहा. चहा संपतो तोच सुट्टीची घंटा झाली. सगळे उठून गेले. ज्याच्यासाठी हे सगळं, तो माणूस "नमस्कार" पलीकडे एक शब्द बोलला नव्हता! नारळ हातात धरून बसला होता बिचारा.

मला वाटलं, आता हा चिडणार. तर मास्तर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सभा छान झाली हो. उद्या वर्ग घेऊ." मी घरी जाताना मनात म्हटलं, भोळा दिसतोय. याला तीन दिवसांत गुंडाळून परत पाठवता येईल.

दुसऱ्या दिवशी आलो तर टेबल नाही, खुर्च्या नाहीत. मास्तरांनी वॉचमनच्या मदतीने पॅकिंगच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात जाजम अंथरलं होतं आणि स्वतः मांडी घालून बसले होते. मॅनेजरसाहेब नेहमीप्रमाणे पुढे येऊन बसायला लागले, तसे मास्तर हसत म्हणाले, "साहेब, तुम्ही मालकांच्या बाजूचे. तुमच्यासमोर चूक सांगायची म्हणजे यांनी आपल्याच पोटावर पाय द्यायचा. तुम्ही केबिनमध्ये बसा, काही लागलं तर मीच येईन." आम्ही श्वास रोखून बघत होतो. साहेबांना असं कोणी बोललेलं आम्ही पाहिलं नव्हतं. पण साहेब उठले आणि गेले! एका बाईच्या तोंडून "अगं बाई!" निघालंच.

मी मात्र जाजमावर बसले नाही. माझं स्टूल होतं, लाकडी, उंच. सुपरवायझर जमिनीवर बसली तर मान काय राहिला? मास्तरांनी स्टुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीच म्हणाले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला.

त्यांनी सुरुवातीलाच कबूल केलं, "मला बाटल्यांमधलं काही कळत नाही. गिरणीतलं कळत होतं असंही नाही. तेव्हा मी तुम्हाला शिकवणार काही नाही." मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. शिकवणार नाही तर हा माणूस पगार कसला घेतो?

मग त्यांनी विचारलं, "त्रास काय?" दोन्ही बाजूंनी एका सुरात, "काही नाही, साहेब." तीच घोकंपट्टी, तोच शब्द! मास्तरांनी मान डोलावली. "बरं. मग एक खेळ करू. पॅकिंगच्या बायकांनी डिस्पॅचचं गाऱ्हाणं मांडायचं. आणि डिस्पॅचच्या माणसांनी पॅकिंगचं. आपापलं मांडायचं नाही हं. दुसऱ्याचं."

सुरुवातीला कोणी हलेना. पण आपल्या माणसांना नाटकाची हौस केवढी! मुकादमांनी टोपी काढली, गळ्यातला पंचा डोक्यावरून पदरासारखा घेतला, माझं स्टूल मागून घेतलं आणि त्यावर ताठ बसून बारीक आवाजात म्हणाले, "अहो! अहो मुकादम! उंबरा! उंबऱ्याच्या पलीकडे! तुमच्या बोटाचं नखसुद्धा इकडे दिसता कामा नये!" मी! हुबेहूब मी! बायका तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी म्हटलं, थांब मेल्या, आता बघ. मी उठले, कंबर वाकवली, आवाज फुगवला आणि व्हरांड्यातून गरजले, "आमच्या अंगावर पेट्या ढकलून या बायका पाठ फिरवतात! पेटी कशी आली, सरळ का उलटी, बघायला कोणी नाही! वर चहाच्या कपातून निरोप पाठवतात!" डिस्पॅचची माणसं लोटपोट. मुकादम पंचाने डोळे पुसत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खालीच बसलेय. स्टूल मुकादमांकडे, आणि मी जाजमावर. परत मागायला लाज वाटली. आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. आमच्या घरी हसण्याची फार पद्धत नव्हती.

मास्तर एका कडेला बसून ऐकत होते. कोण बरोबर, कोण चूक, एक अक्षर नाही. मधे एकदा मुकादमांनी त्यांना विचारलंच, "तुम्हीच सांगा मास्तर, पेंढा कमी असतो की नाही?" तर म्हणाले, "मला काय ठाऊक? त्यांना विचारा की." आणि मुकादमांनी मला विचारलं. थेट. कँटीनवाल्याशिवाय. मीही उत्तर दिलं.

तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, आज वर्ग इथे नाही, आत, काम चालू असतानाच. ते स्वतः दाराजवळच्या कोपऱ्यात उभे राहिले, पण इकडे पॅकिंगमध्ये नव्हेत बरं का. नियम त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतला होता, त्यामुळे ते पलीकडे, डिस्पॅचमध्ये उभे. बाकी आम्ही आपापल्या कामाला. वेळ जात होता. ते काही बोलेनात. मला वाटलं, आज शेवटचा दिवस आणि हे गृहस्थ भिंतीला टेकून उभे! आमची खोली बंद होणार आणि यांची डुलकी लागणार.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "हा आवाज कसला?"

"कुठला आवाज?" मी म्हटलं.

"आत्ता झाला तो."

मी कान दिला. काही नाही. मुकादमही म्हणाले, काही नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग दोन बायकांनी एक भरलेली पेटी उंबऱ्यापर्यंत सरकवत नेली, उंबऱ्यावर चढवली, पलीकडे लोटली, "पेटी!" म्हणून हाक दिली आणि पाठ फिरवली. धप्प.

"हा," मास्तर म्हणाले.

"हा होय!" मी म्हटलं. "हा पेटीचा. रोजचाच."

त्यावर मास्तरांनी काही म्हणावं ना! नुसते आमच्याकडे बघत उभे. मला शांतता अजिबात सोसत नाही, घरातसुद्धा कोणी गप्प बसलं की मी भांडी आपटते. मी तोंड उघडलं, तसा त्यांनी हळूच हात वर केला. थांबा. मी थांबले. सगळेच थांबले. लेबलाचा ब्रश खळीच्या वाटीत तसाच बुडून राहिला.

आणि मग मी पहिल्यांदा त्या दाराकडे नीट पाहिलं. पलीकडची डिस्पॅचची खोली नंतर बांधलेली, तिची जमीन आमच्यापेक्षा चांगली वीतभर खाली. प्रत्येक पेटी उंबऱ्यावरून तेवढी खाली आदळत होती. बायका लोटून लगेच पाठ फिरवायच्या, कारण पलीकडे पुरुष. पुरुष लांब भिंतीशी तोंड फिरवून उभे राहायचे, कारण अलीकडे बायका. बायका गेल्या की मग येऊन पेटी उचलायच्या. पेटी पडताना पाहिलेला माणूस त्या कारखान्यात एकही नव्हता. केवढी ती मर्यादा! आणि आवाज? तो आमच्या अंगवळणी पडला होता. बाटली तिथल्या तिथे फुटत नसे, नुसता बारीक तडा जायचा. मग मालगाडीच्या धक्क्यांनी तो पुरा व्हायचा. मुकादमांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांनाही तेच दिसलं होतं. आमची दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनीही खाली पाहिलं.

लगेच कलकलाट. तुम्ही लोटता, तुम्ही उचलत नाही, आम्ही कसं उचलणार, तुमच्या बाईचा नियम! मास्तरांनी भांडू दिलं. अगदी पोटभर. आवाज ओसरला तेव्हा मला विचारलं, "बाई, नियम नेमका काय आहे? शब्दाला शब्द सांगा."

मी ताठ उभी राहिले. मला वाटलं, आता हा नियम मोडायला सांगणार, आणि मग माझं तोंड सुटणार. मी म्हटलं, "पुरुषांनी उंबरा ओलांडून इकडे यायचं नाही. बायकांनी उंबरा ओलांडून तिकडे जायचं नाही. आणि तो मी मोडू देणार नाही. मोडला तर गाव उद्या बायकांना घरी बसवील."

"मोडायचा कशाला?" मास्तर म्हणाले. आणि परत गप्प.

कोणी हलेना. मग वयनी उठली. तिने शेजारणीला खूण केली, दोघींनी भरलेली पेटी उचलली, उंबऱ्यापाशी नेली, पण खाली ठेवली नाही. हातांवर धरून उभ्या राहिल्या. पाय अलीकडेच. वयनीने पलीकडे पाहिलं, मुकादमांकडे, अगदी तोंडासमोर, आणि म्हणाली, "दादा, धर."

मुकादम क्षणभर गोंधळले. मग पुढे आले, त्यांच्या माणसाने दुसरी बाजू धरली, आणि पेटी या हातांतून त्या हातांत गेली. आवाज नाही. कोणी उंबरा ओलांडला नाही. मुकादमांनी पेटी अलगद जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "दे ताई, पुढली." एवढा मोठा आवाज त्यांचा, पण ते शब्द जेमतेम ऐकू आले. मी पदराने नाक पुसलं. खळीचा वास फार होता त्या दिवशी, एवढंच सांगते.

कंत्राटदाराचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. फुटक्या पेट्या येणं थांबलं आणि दिवाळीच्या आधी साहेबांनी ती गोष्ट सोडून दिली. तसं त्यांनी येऊन सांगितलं, तेव्हा पेटी हातोहात द्यायचं हे कोणाच्या डोक्यातून निघालं यावरून पॅकिंग आणि डिस्पॅच यांच्यात नव्याने जुंपली. पण ते भांडण मजेचं होतं.

पण त्याआधीच, पेटी हातोहात गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, नवंच संकट आलं. वर्ग संपला होता तरी मास्तर मॅनेजरसाहेबांना भेटायला आले होते. मी त्यांच्याशी व्हरांड्यात बोलत होते, एवढ्यात वॉचमन धावत आला. वयनीचा दीर फाटकाशी आलाय, बरोबर गावची दोन माणसं. बातमी रातोरात बाळकुमला पोचली होती. बायका बाप्यांच्या हातात हात देतात, अशी. थोरली वयनी घरी बसली की बाकीच्या जणी तिच्या मागोमाग बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. कंत्राटदारापासून वाचवलं आणि गावाने बुडवलं, असं व्हायचं!

मी मास्तरांना म्हटलं, "तुमचा वर्ग ना हा? चला आता, समजवा त्यांना." मास्तर म्हणाले, "बघू," आणि छत्री घेऊन कुठेतरी गेलेच! इतका संताप आला मला. पळपुटा मेला, मी मनात म्हटलं.

दीर रापलेला, उंच, डोक्याला फडकं बांधलेला. तो तडक पॅकिंगच्या दारातून आत यायला लागला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "थांबा! पुरुषांनी या खोलीत यायचं नाही. नियम तुमचाच." तो थबकला. खरंच होतं ते. मग त्याला वळसा घालून डिस्पॅचमध्ये जावं लागलं, आणि तो उंबऱ्याच्या पलीकडे मुकादमांच्या शेजारी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "तुमच्या डोळ्यांनी बघा." बायकांनी पेटी आणली, पलीकडच्यांनी धरली. एक झाली, दोन झाल्या. दीर बघत होता. पण कपाळावरची आठी काही जाईना. म्हणाला, "बोटाला बोट लागतंय. वयनी, चल घरा."

वयनी त्याच्यासमोर कधी बोलत नसे. तो आला की पदर पुढे ओढून मान खाली, काही सांगायचं तर दुसऱ्या कोणाकडून. त्या दिवशीही तिने पदर पुढे ओढला. मला वाटलं, संपलं. मी तिच्यासाठी बोलायला पुढे झाले, आणि कोण जाणे कसं, माझं तोंड मिटलं. मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून थांबले.

मग पदराच्या आतून आवाज आला. "भावजी, उंबरा मी नाय ओलांडला. ओलांडनार बी नाय. पन ही पेटी मी ठेवनार नाय." मग तिने पदर मागे सारला. "तुमी काम सोरून आयलाव. घरा जा. मी येतंय सांजचे, रोज येतंय तशी."

दीर तिच्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. घरातल्या माणसाला पहिल्यांदा बघावं तसा. म्हणाला, "तू बोलतंस?"

"आता बोलतंय," वयनी म्हणाली.

त्याने बरोबरच्या माणसांकडे पाहिलं. त्यांनी छताकडे. मग तो फडकं सोडून परत बांधत म्हणाला, "सांजचे बिगीनं ये. आई वाट बघतंय." आणि गेला. मुकादमांनी त्याला फाटकापर्यंत सोडलं, तंबाखूसुद्धा दिली.

वयनी मात्र तिथेच उभी. मी जाऊन तिचे हात धरले. मग बायकांनी तिला जो गराडा घातला, त्यात मी बाहेर पडले आणि तरातरा कँटीनकडे गेले. मास्तर तिथे बाकावर बसून कांदाभजी खात होते. शांतपणे, चटणी लावून!

मी कडाडले, "तिकडे जीव टांगणीला लागला होता आमचा! आणि तुम्ही इथे भजी खाताय?"

त्यांनी विचारलं, "बोलली का ती?"

"बोलली. चांगली खणखणीत बोलली. पण तुम्ही तिथे असायला नको होतं?"

"मी असतो तर माझ्याकडे बघून बोलली असती," मास्तर म्हणाले. "मी उद्या मुंबईला. दीर तिच्या घरात."

मी धपकन त्यांच्यासमोरच्या बाकावर बसले, रागारागाने त्यांच्या बशीतली दोन भजी उचलली आणि खाऊन टाकली.